जहाजं दिसतात, उधारी दिसत नाही : आंतरराष्ट्रीय व्यापार वाढला कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वस्तुविनिमय, रेशीम मार्ग, सागरी शोध, औद्योगिक क्रांती, जागतिकीकरण अशा पायऱ्यांनी आंतरराष्ट्रीय व्यापाराचा इतिहास शिकवला जातो. एका पायरीवरून दुसरीवर जाताना नेमकं काय बदललं, आणि त्याचं श्रेय जहाजांना आणि यंत्रांना द्यायचं का?

माझं उत्तर थोडं पक्षपाती आहे. माझी बहुतेक नोकरी बँकेच्या परकीय व्यापार विभागात, निर्यातीची कागदपत्रं तपासण्यात गेली. माल फारसा पाहिला नाही, मालाबद्दलचे कागद मात्र भरपूर पाहिले. त्यामुळे मला हा इतिहास वाहतुकीपेक्षा उधारीचा वाटतो. विकणाऱ्याला पैसे आधी हवे असतात, घेणाऱ्याला माल आधी हवा असतो, आणि मधले आठवडे किंवा महिने माल दोघांच्याही हाताबाहेर असतो. त्या काळात पैसा कोणाचा अडकणार, बुडाला तर कोणाचा बुडणार, आणि समोरच्याने फसवलं तर दाद कुठे मागायची? या तीन प्रश्नांची उत्तरं जशी बदलली, तसा व्यापार बदलला. जहाजांनी मधला काळ कमी केला, पण प्रश्न मिटवले नाहीत.

सगळ्यात जुना भरघोस पुरावा आजच्या तुर्कस्तानातल्या कुलतेपे इथला आहे, म्हणजे प्राचीन कानेश. इसवी सनापूर्वी १९००च्या सुमाराला टायग्रिसकाठच्या असुर शहरातले व्यापारी इथे वस्ती करून होते. त्यांच्या घरांतून सुमारे २३,००० मातीच्या पाट्या निघाल्या. कथील आणि कापड गाढवांवर लादून हजारेक किलोमीटर आणायचं, विकून चांदी आणि सोनं परत न्यायचं, असा हा धंदा. पाट्या वाचताना वाटतं की आपल्याच खात्यातली जुनी फाइल उघडली आहे. कोणाची उधारी थकली आहे, कोणता भागीदार हिशेब देत नाही, असुरमधली बायको लिहिते की मी विणून पाठवलेल्या कापडाची चांदी अजून आली नाही. अनेकांनी मिळून एका व्यापाऱ्याकडे वर्षानुवर्षं भांडवल ठेवायचं आणि नफा वाटून घ्यायचा, ही व्यवस्थाही तिथे होती. स्थानिक राजांशी करार होते : आम्ही कर देतो, तुम्ही वाटेवर संरक्षण द्या. आणि कर चुकवायला आडवाटेने माल नेणंही होतं. थोडक्यात भांडवल, पत, करार, कर आणि तस्करी हे सगळं गाढवांच्या काळातच उभं राहिलं होतं. आधी नुसता वस्तुविनिमय, पत फार नंतरची, हा पाठ्यपुस्तकी क्रम म्हणूनच मला पटत नाही.

मालाच्या दर्जाची तक्रारही तितकीच जुनी. इसवी सनापूर्वी १७५०च्या सुमाराला उर शहरातल्या एआ-नासिर नावाच्या तांबे व्यापाऱ्याला नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने पाटी लिहिली : तांबं कमअस्सल दिलंस, माझ्या माणसाचा अपमान केलास. ती पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नान्नीची अडचण बघा. त्याला रागावता येतं, यापुढे माल स्वतः पारखून घेईन अशी धमकी देता येते; पण मालाची तपासणी करून दाखला देणारा तिसरा माणूस त्याच्याकडे नाही. तो यायला फार काळ लागला.

समुद्रावर धोका वाढतो, म्हणून समुद्री व्यापाऱ्यांनी धोक्यालाच किंमत लावली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या अथेन्समधला एक कर्जकरार आपल्याला कोर्टातल्या भाषणामुळे ठाऊक आहे. काळ्या समुद्राकडे जाऊन परतायच्या सफरीसाठी व्याज साडेबावीस टक्के. परतायला सप्टेंबरच्या मध्यानंतर निघालात, म्हणजे वादळी हंगाम गाठलात, तर तीस टक्के. आणि जहाज बुडालं तर कर्ज माफ. म्हणजे हे कर्जही आहे आणि विमाही. विम्याचा हप्ता व्याजात दडवलेला आहे एवढंच.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला एक पपायरस आता व्हिएन्नात आहे. मुझिरिस, म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरचं बंदर, तिथल्या व्यापारासाठी घेतलेल्या कर्जाच्या अटी त्यावर आहेत, आणि मागच्या बाजूला हर्मापोलोन नावाच्या जहाजावरच्या मालाची किंमत मांडली आहे. जटामांसी, हस्तिदंत वगैरे मिळून जवळपास सत्तर लाख सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी. रोमन साम्राज्यात शिरताना पंचवीस टक्के जकात. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच अटीकडे गेलं : लाल समुद्रावरून अलेक्झांड्रियापर्यंत माल सावकाराच्या शिक्क्याखाली राहील, आणि कर्ज फिटलं नाही तर त्यावर सावकाराचा हक्क. माल तारण ठेवून सफरीला पैसा देणं, हेच आम्ही करत होतो. मोसमी वाऱ्यांचं ज्ञान महत्त्वाचं होतंच. पण वारा माहीत असून भागत नाही, सफर संपेपर्यंत कोणाचा तरी पैसा अडकून राहायला तयार असावा लागतो.

आता एक नियम, जो मला सगळ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. वादळात जहाज वाचवण्यासाठी कोणाचा तरी माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान ज्यांचं वाचलं त्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं. रोमन कायद्याने हा नियम ऱ्होड्स बेटाच्या नावावर नोंदवला. १८९०मध्ये यॉर्क-अँटवर्प नियम म्हणून तो नीट बांधला गेला आणि सुधारणा होत होत आजही चालू आहे. मार्च २०२१मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं, तेव्हा मालकांनी हाच नियम लावला. ज्यांचे कंटेनर सुखरूप होते त्यांनाही सुटकेच्या खर्चातला वाटा देण्याची हमी दिल्याशिवाय माल मिळेना. अनेक आयातदारांना हा नियम अस्तित्वात आहे हेच तेव्हा पहिल्यांदा कळलं.

रेशीम मार्गावर मी फार रेंगाळणार नाही. तो एक रस्ता नव्हता, आणि क्वचितच कोणी तो टोकापासून टोकापर्यंत चालला. माल हातोहात पुढे सरकत गेला आणि प्रत्येक हाताने नफा चढवला. हिंदी महासागरात जास्त माल, जास्त नियमितपणे फिरत होता.

मध्ययुगात खरी उडी पडली ती पैसा न हलवता पैसा पोचवण्याची. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या कागदपत्रांत अकराव्या शतकातले ज्यू व्यापारी ‘सुफ्तजा’ वापरताना दिसतात : इथे पैसे भरा, चिठ्ठी घ्या, तिकडे वसूल करा. भारतात हेच काम हुंडीने केलं; सुरतेहून आग्र्याला पैसे पाठवायला इंग्रज कंपनीचे लोकही सराफांच्या हुंड्याच वापरत. इटलीच्या व्यापारी घराण्यांनी आपल्या विनिमयपत्रात दोन गोष्टी एकत्र बांधल्या, चलनाची अदलाबदल आणि मुदतीची उधारी. चर्चला व्याज मान्य नव्हतं, म्हणून ते विनिमयाच्या दरात लपवलं जाई. जेनोआत १३४७चा विमा करार सापडतो, जिथे विमा कर्जापासून वेगळा होऊ लागला आहे. भांडवल एकाचं आणि प्रवास दुसऱ्याचा, अशी भागीदारी इटलीत ‘कोमेंडा’ आणि अरब जगात ‘किराद’ म्हणून चालत होती. यातलं काहीही जहाजाच्या डोलकाठीवर दिसत नाही. पण यामुळे ज्याच्याकडे पैसा आहे त्याला घरी बसून व्यापारात उतरता आलं, आणि ज्याच्याकडे फक्त धाडस आहे त्याला भांडवल मिळालं.

१४९८ला वास्को-द-गामा कालिकतला पोचला, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याने नवा व्यापार सुरू केला नाही. चालू असलेल्या, मोठ्या व्यापारात तो शिरला, आणि तोफा घेऊन शिरला. पुढच्या काळात पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना नसलेलं जहाज पकडलं जाऊ शकत असे. संरक्षण विकत घ्या, नाहीतर आम्हीच लुटू, असा तो मामला. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२मध्ये सुमारे ६४ लाख गिल्डर भांडवलावर उभी राहिली. तिचा शेअर दुसऱ्याला विकता येत होता, म्हणून भांडवल सफरीगणिक परत न करता कायम ठेवता आलं. वित्ताच्या दृष्टीने हे मोठं पाऊल. त्याच कंपनीने १६२१मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती मारली, हाकलली किंवा गुलाम केली. हे दोन्ही एकाच संस्थेने केलं आणि ते एकत्रच सांगितलं पाहिजे. विश्वासाने व्यवहार बांधण्यापेक्षा तोफ स्वस्त पडते असं दिसलं, तिथे कंपन्यांनी तोफ निवडली.

व्यापार खऱ्या अर्थाने पृथ्वीभर केव्हा झाला असं विचारलंत तर मी १५७१ सांगेन. त्या वर्षी स्पॅनिश लोकांनी मनिला वसवलं आणि मेक्सिकोच्या अकापुल्कोहून येणारी चांदी पॅसिफिक ओलांडून नियमितपणे आशियात उतरू लागली. १५४५पासून आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीच्या डोंगरातून चांदी निघत होती. चीनमध्ये कर चांदीत भरले जाऊ लागले होते, म्हणून तिथे चांदीला सोन्याच्या मानाने युरोपच्या जवळजवळ दुप्पट भाव होता. एवढी तफावत असली की धातू महासागर ओलांडतोच. बदल्यात रेशीम आणि चिनी मातीची भांडी. मनिलाची ही जहाजं १८१५पर्यंत चालली.

अटलांटिकमध्ये जे झालं त्याला व्यापाराच्या इतिहासात एखाद्या वाक्यात उरकण्याची पद्धत आहे. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबली गेली, त्यातली जवळपास अठरा लाख वाटेत मेली. आणि हा सगळा व्यवहार विनिमयपत्रांवर, मुदतीच्या उधारीवर आणि विम्यावर चालला, म्हणजे मी ज्या साधनांचं आतापर्यंत कौतुक केलं त्यांच्यावरच. १७८१मध्ये ‘झाँग’ जहाजावरून १३०हून अधिक गुलाम जिवंत समुद्रात फेकले गेले आणि मालकांनी, पाणी संपत आलं होतं असं सांगून, फेकलेल्या ‘माला’चा विमा मागितला. ज्युरीने तो मान्यही केला. वरच्या कोर्टाने फेरसुनावणीचा आदेश दिला. जहाज वाचवायला माल फेकण्याचा तो देखणा नियम इथपर्यंत वाकवता आला. कागद तटस्थ असतो. त्यावर ‘माल’ म्हणून काय लिहायचं हे माणसं ठरवतात.

सिद्धांताकडे पटकन बघू. अ‍ॅडम स्मिथने १७७६मध्ये व्यापारवाद्यांची, देशाची श्रीमंती म्हणजे सोन्या-चांदीचा साठा, ही कल्पना मोडीत काढली. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७मध्ये इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन घेऊन दाखवलं की एखादा देश दोन्ही गोष्टी कमी श्रमांत बनवत असला तरी ज्यात त्याची सापेक्ष सरशी जास्त, तीच त्याने बनवावी. तर्क अचूक आहे. पण त्या उदाहरणात भांडवल देश सोडून जात नाही, वाहतुकीला खर्च नाही आणि कोणी पैसे बुडवत नाही. शिवाय पोर्तुगालचा वाइनकडे झुकलेला व्यापार इंग्लंडशी झालेल्या १७०३च्या मेथुएन तहानेही घडवलेला होता. इंग्लंडने १८४६मध्ये धान्याच्या आयातीवर शुल्क लावणारे धान्य कायदे रद्द केले आणि १८६०मध्ये फ्रान्सशी खुल्या व्यापाराचा तह केला. याच सुमाराला चीनची बंदरं मात्र अफूच्या युद्धाने उघडली. ‘मुक्त व्यापार’ सगळ्यांच्या वाट्याला सारखा मुक्त आला नाही.

एकोणिसाव्या शतकात यंत्रांचं श्रेय मोठं आहे, ते नाकारत नाही. १८६९चा सुएझ कालवा, वाफेची जहाजं, १८८२ला ‘डनेडिन’ जहाजाने न्यूझीलंडहून लंडनला गोठवून नेलेलं मांस. पण मला विचाराल तर १८६६ची अटलांटिकखालची तार या सगळ्यांपेक्षा वरचढ. लंडनचा भाव न्यूयॉर्कला कळायला दहा-बारा दिवस लागत, ते काम मिनिटांवर आलं. माल अजून समुद्रात आणि सौदा आधीच पक्का, असा व्यापार त्यामुळे सोपा झाला. माल समुद्रात असताना विकायचा तर हातात मालकीचा कागद हवा, आणि तो कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग. जहाज कंपनीची पोच, वाहतुकीचा करार आणि मालावरचा हक्क, तिन्ही एकात. पाठीमागे सही करून तो दुसऱ्याला देता येतो, बँकेत तारण ठेवता येतो. ब्राझीलची कॉफी जर्मनीला गेली तरी हुंडी लंडनवर काढली जाई, कारण लंडनच्या नामांकित घराण्याने ‘स्वीकारली’, म्हणजे मुदतीला पैसे आम्ही देऊ, असा शेरा मारला की तो कागद जगात कुठेही रोकड होत होता.

ही व्यवस्था किती नाजूक होती ते १९१४च्या उन्हाळ्यात दिसलं. युद्ध पेटताच परदेशातून लंडनला येणारे पैसे थांबले, स्वीकारलेल्या हुंड्या अडकल्या आणि अखेर बँक ऑफ इंग्लंडला त्या आपल्याकडे घ्याव्या लागल्या. बंदरं होती, जहाजं होती, मालही होता. पत आटली होती.

पहिल्या महायुद्धानंतर अनोळखी खरेदीदाराच्या शब्दावर माल पाठवायला कोणी धजेना, तेव्हा लेटर ऑफ क्रेडिटचा (एलसी) खरा प्रसार झाला. खरेदीदाराऐवजी त्याची बँक वचन देते : ठरलेले कागद ठरलेल्या मुदतीत दाखवा, पैसे घ्या. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३३मध्ये यासाठी एकसमान नियम काढले, १९३६मध्ये इन्कोटर्म्स, म्हणजे सौद्यातल्या संज्ञांचे ठरलेले अर्थ. एफओबी (जहाजावर माल चढेपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची) म्हटलं की धोका नेमका कुठे विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे जातो, हे दोन्ही देशांत एकाच अर्थाने वाचलं जाऊ लागलं. एलसीच्या नियमांचा गाभा कठोर आहे. बँक कागद बघते, माल बघत नाही. १९४१मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एक खटला आला. भारतातून ब्रशच्या केसांच्या पन्नास पेट्या यायच्या होत्या आणि तक्रारीनुसार पेट्यांत निघाले गाईचे केस आणि कचरा. कागद मात्र निर्दोष. कोर्टाने म्हटलं, नुसता दर्जाचा वाद असता तर बँकेने पैसे द्यायलाच हवे होते. पण ही उघड लबाडी आहे आणि बँकेला ती वेळेत कळली आहे, म्हणून पैसे रोखता येतील. फसवणुकीचा हा अपवाद आजही याच निकालावर उभा आहे. नान्नीची तक्रार आणि हा खटला यांत साडेतीन हजारांहून अधिक वर्षं आहेत आणि भांडण तेच आहे. फरक एवढाच की आता पैसे रोखता येतात.

देशादेशांतल्या विश्वासाचं काय? १९३०मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्याने आयातशुल्क चढवलं, हजारहून अधिक अर्थतज्ज्ञांनी विरोध करूनही. इतरांनी प्रत्युत्तर दिलं. १९२९ ते १९३३ या काळात जागतिक व्यापाराचं मूल्य सुमारे दोन तृतीयांशांनी घसरलं. सगळा दोष शुल्काचा नव्हता; भाव कोसळले, बँका बुडाल्या, चलनं तुटली. पण धडा घेतला गेला आणि १९४७मध्ये २३ देशांनी गॅट या शुल्क आणि व्यापारविषयक करारावर सह्या केल्या. लोकांना वाटतं गॅटने शुल्क कमी केलं, एवढंच. माझ्या मते त्याहून मोठं काम म्हणजे शुल्काची कमाल मर्यादा लिहून बांधून घेणं आणि एकाला दिलेली सवलत सगळ्या सदस्यांना देणं. कारखाना टाकणाऱ्याला उद्याचं शुल्क अंदाजता आलं. १९९५ला जागतिक व्यापार संघटना आली, सोबत तंटे सोडवायची यंत्रणा. तिचं अपील मंडळ डिसेंबर २०१९पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या. नियम आहेत, पण शेवटचा निवाडा देणारं कोणी नाही.

कंटेनरची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २६ एप्रिल १९५६ला माल्कम मॅकलीन या अमेरिकी मालवाहतूकदाराचं ‘आयडियल-एक्स’ जहाज नेवार्कहून ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघालं. टनामागे माल चढवायचा खर्च ५.८६ डॉलरवरून सुमारे १६ सेंटवर आला. एका वस्तूचे भाग पाच देशांत बनवणं परवडू लागलं ते यामुळे. कमी बोललं जातं ते वेगळंच : कंटेनर आला आणि माल दिसेनासा झाला. पूर्वी जहाजाचा अधिकारी गोणी मोजायचा, फाटलेल्या दिसल्या तर तसा शेरा मारायचा. आता पेटी सीलबंद येते आणि बिल ऑफ लेडिंगवर छापलेलं असतं की आत काय आहे ते पाठवणाऱ्याने सांगितलं, आम्ही मोजलेलं नाही. त्यामुळे तपासणी दाखला, पॅकिंग लिस्ट, मूळ देशाचा दाखला या कागदांचं वजन वाढलं.

१९१४सारखी पत २००८-०९च्या आर्थिक संकटातही आटली. मागणी घटली हे मुख्य कारण, पण बँका एकमेकींच्या एलसीवर शिक्का मारायला कचरू लागल्या. एप्रिल २००९मध्ये लंडनला जमलेल्या जी-२० देशांनी व्यापारवित्तासाठी अडीचशे अब्ज डॉलरची सोय जाहीर केली. नेत्यांनी जहाजांसाठी किंवा बंदरांसाठी पैसे काढले नाहीत, उधारीसाठी काढले. आणि हीच उधारीची वाट आता हत्यार म्हणूनही वापरली जाते : २०१२मध्ये इराणच्या आणि २०२२मध्ये काही रशियन बँकांना स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून बाहेर काढलं गेलं.

सध्या काय चाललंय म्हणाल, तर कागद घालवायची धडपड. जहाज इतकं लवकर पोचतं की मूळ बिल ऑफ लेडिंग बँकांमधून फिरत मागे राहतं. मग खरेदीदार हमीपत्र देऊन कागदाविना माल सोडवतो आणि जहाज कंपनी नसता धोका पत्करते. तेलाच्या व्यापारात तर हे रोजचंच आहे. इलेक्ट्रॉनिक बिलं बनवणं सोपं आहे. अडचण ही की बहुतेक कायद्यांत मालकीचा कागद ‘ताब्यात’ असावा लागतो, आणि फाइल एकाच वेळी दोघांच्या ताब्यात असू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०१७मध्ये यासाठी नमुना कायदा दिला. ब्रिटनने २०२३मध्ये स्वतःचा कायदा करून इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला कागदाइतकाच मान दिला. इंग्लिश कायद्याखाली जगातला बराच सागरी व्यापार चालत असल्याने त्याचं महत्त्व ब्रिटनपुरतं नाही. पण साखळीतल्या एका जरी देशाचं कस्टम्स किंवा एक जरी बँक कागद मागत असेल, तर सगळ्यांनाच पुन्हा छापील संचाकडे वळावं लागतं, आणि असे देश अजून बरेच आहेत.